जीर्ण आणि जुने

गेल्या दिवाळीत आमच्या घरी एक नवे यंत्र आले आणि त्याच दिवशी एक जुने यंत्र दिवाणखान्यातून माळ्याच्या वाटेला लागले. दोन्ही यंत्रे टीव्हीला जोडून व्हिडिओ गेम खेळण्याची. बाजारात ज्यांना कन्सोल म्हणतात ती. विषय क्षुल्लक आहे हे आम्ही प्रारंभीच मान्य करून टाकतो. ज्या पानांवर एरवी साहित्याची आणि समाजाची चर्चा चालते, तेथे मुलांच्या खेळण्याने जागा अडवावी हे काही वाचकांना रुचणार नाही. तथापि नैतिक प्रश्न घरात शिरताना नेहमी दरवाजा ठोठावतातच असे नाही. हा प्रश्न आमच्या घरी पुठ्ठ्याच्या खोक्यातून आला.

जुने यंत्र आम्ही 2008 साली घेतले होते. मुलगी तेव्हा तेरा वर्षांची होती आणि मुलगा नऊ वर्षांचा. यंत्र एक, खेळणारे दोघे, आणि खेळातील प्रगती साठवून ठेवण्याचे मेमरी कार्डही एकच, आठ एमबीचे. त्या तिन्हींवरून जी भांडणे झाली ती आम्ही उभयतांनी वेळोवेळी मिटवली. यथावकाश मुलगी शिक्षणासाठी व पुढे नोकरीसाठी परगावी गेली. मुलगाही मिळवता झाला आणि स्वतःच्या पगारातून पैसे बाजूला टाकून त्याने हे नवे यंत्र आणले. त्याच संध्याकाळी तो म्हणाला, "बाबा, जुना गेम मावशींच्या मुलाला देऊन टाकू या का? चालू आहे अजून."

मावशी म्हणजे आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या बाई. सूचना चांगली होती. आम्ही लगेच होकार दिला. पण 'चालू आहे अजून' हे शब्द मनातून जाईनात. चालू आहे, तर मग ते सोडायचे कशासाठी? आणि सोडायचेच, तर सोडताना आपल्याकडे त्याचे काही देणे लागते काय?

जुन्याचा त्याग हा आपल्या परंपरेला अपरिचित विषय नव्हे. देह टाकून दुसरा देह धारण करणाऱ्या आत्म्याला गीतेने वस्त्र बदलणाऱ्या माणसाची उपमा दिली, ती आपल्यापैकी प्रत्येकाने लहानपणापासून ऐकलेली आहे. परंतु त्या उपमेतील एका विशेषणाकडे आपले सहसा दुर्लक्ष होते. तेथे वस्त्र टाकले जाते ते जीर्ण झाले म्हणून. केवळ जुने झाले म्हणून नव्हे. जीर्ण होणे ही वस्तूची अवस्था आहे. धागा विरतो, कापड फाटते, आणि ते पाहण्यासाठी शेजाऱ्याच्या अंगावरचे कापड पाहावे लागत नाही. जुने होणे ही मात्र वस्तूची अवस्था नाही. तो दोन वस्तूंमधील संबंध आहे. आमचे यंत्र दिवाळीच्या आदल्या दिवशी जसे होते तसेच दुसऱ्या दिवशीही होते. नवे खोके घरात येताच ते 'जुने' झाले, आणि त्यासाठी त्याच्यात तसूभरही बदल व्हावा लागला नाही.

हा संबंध किती सापेक्ष असतो याचे एक उदाहरण आपल्या देशातच आहे. सोनी कंपनीचे दुसरे प्लेस्टेशन जपानमध्ये मार्च 2000 मध्ये आले आणि तिसरे नोव्हेंबर 2006 मध्ये. म्हणजे जगाच्या दृष्टीने 2009 साली दुसरे प्लेस्टेशन मागच्या पिढीत जमा झालेले होते. परंतु त्याच वर्षी, त्याच 'मागच्या' यंत्रासाठी, हैदराबादच्या एका कंपनीने हनुमानाच्या बालपणावर 'हनुमान : बॉय वॉरियर' हा खेळ तयार केला. कन्सोलसाठी भारतात घडवलेल्या पहिल्या खेळांत त्याची गणना होते. टोकियोतील किंवा न्यूयॉर्कमधील मुलाने जे यंत्र माळ्यावर टाकले असेल, त्यावर येथील कारागिरांचा आरंभ होत होता. दुसऱ्या प्लेस्टेशनचे उत्पादन पुढे जानेवारी 2013 पर्यंत चालले आणि त्याची विक्री साडेपंधरा कोटींहून अधिक झाली. तेव्हा 'जुने' म्हणताना कोणाच्या घड्याळाने जुने, हे विचारणे गैर ठरू नये.

येथे कोणी म्हणेल की, तुम्ही नव्याचे शत्रू आहात. तसे नाही. नव्याचा आनंद खरा असतो. नव्या यंत्रावर पावसाने भिजलेला रस्ता ज्या प्रत्ययाने दिसतो, तसा तो जुन्यावर दिसणे शक्यच नव्हते. नवी साधने आली म्हणजे कलावंताला नवी गोष्ट सांगता येते, हे छपाईपासून चित्रपटापर्यंत सिद्ध झाले आहे. शिवाय जुन्याबद्दल आम्हांस वाटणारी माया ही पुष्कळदा आमच्याच गेलेल्या वयाची असते. तिला नीतीचे नाव देऊन तरुणांच्या माथी मारणे हा ढोंगीपणा होईल. नव्याने यावे याबद्दल वाद नाही. येताना त्याने जुन्याशी कसे वागावे, एवढाच आमचा प्रश्न आहे.

कन्सोलचा इतिहास या दृष्टीने मनोरंजक आहे, कारण त्यात या प्रश्नाची निरनिराळी उत्तरे प्रत्यक्ष यंत्रांच्या रूपाने दिलेली आढळतात. निन्टेंडोचे फॅमिकॉम हे यंत्र जुलै 1983 मध्ये जपानात आले. त्याच्या नकला पुढे भारतातही घरोघरी पोचल्या. चाळिशीतल्या वाचकांना ती पिवळी, लाल कार्ट्रिजे आठवत असतील. नोव्हेंबर 1990 मध्ये त्याचा वारस, सुपर फॅमिकॉम, आला. पण जुनी कार्ट्रिजे त्यात बसत नव्हती. ज्याच्याकडे जुने खेळ होते त्याने जुने यंत्रही जपावे, असा त्याचा अर्थ.

दुसऱ्या प्लेस्टेशनने वेगळे उत्तर दिले. पहिल्या प्लेस्टेशनच्या डिस्क त्यात चालत असत, आणि त्या ज्या रीतीने चालत ती विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. पहिल्या यंत्राचा मुख्य प्रोसेसर सुरुवातीच्या दुसऱ्या यंत्राच्या पोटात ठेवलेला होता. जुनी डिस्क घातली की तो पुन्हा कर्ता होई. नवा खेळ चालू असताना मात्र त्याच्याकडे दुय्यम पण आवश्यक असे काम असे : कंट्रोलर आणि मेमरी कार्ड यांच्याकडून ये-जा करणारी माहिती सांभाळणे. एकत्र कुटुंबात कारभार मुलाच्या हाती गेल्यावर वडील ओसरीवर बसून आल्यागेल्याची विचारपूस करतात, त्यातलाच हा प्रकार. म्हातारपणाची ही व्यवस्था आम्हांला आदर्श वाटते. येथे जुन्याला शोभेसाठी ठेवलेले नाही, त्याला काम दिलेले आहे.

तिसऱ्या प्लेस्टेशनची कथा याहून उद्बोधक आहे. 2006 साली जपान आणि अमेरिकेत आलेल्या त्याच्या पहिल्या आवृत्त्यांत दुसऱ्या यंत्राचे मुख्य भाग बसवलेले होते. यंत्र महाग होते; अमेरिकेत त्याच्या 60 जीबीच्या आवृत्तीची किंमत 599 डॉलर होती. पुढच्याच वर्षी ते जुने भाग एकेक करून कमी करण्यात आले, आणि 2007 च्या अखेरीस आलेल्या 40 जीबीच्या स्वस्त आवृत्तीत दुसऱ्या यंत्राच्या डिस्क चालवण्याची सोयच उरली नाही. नोव्हेंबर 2013 मध्ये आलेल्या चौथ्या प्लेस्टेशनने तर आपल्या तिन्ही पूर्वजांच्या डिस्क नाकारल्या. 2020 साली आलेले पाचवे पुन्हा चौथ्याचे बहुतेक सर्व खेळ चालवते, पण त्यामागच्यांचे नाही.

यात कंपनीला दोष देणे सोपे आहे. पण क्षणभर तिच्या जागी उभे राहिले तर काय दिसते? जुना भाग आत ठेवायचा म्हणजे त्याची किंमत प्रत्येक ग्राहकाकडून घ्यायची. ज्याच्याकडे एकही जुनी डिस्क नाही त्याच्याकडूनही. स्मृती फुकट राखता येत नाही. ती राखण्याचा खर्च कोणी सोसायचा, हा प्रश्न कारखान्यात जसा पडतो तसा ग्रंथालयात पडतो, आणि समाजातही पडतो. बहुसंख्यांना ज्याचा उपयोग नाही ते अल्पसंख्यांसाठी सर्वांनी मिळून सांभाळावे काय? महाराष्ट्राच्या सीमेबाहेर पिढ्यान्‌पिढ्या मराठी सांभाळणाऱ्या आपल्यासारख्यांना या प्रश्नाची धार निराळी समजावून सांगण्याची गरज नाही.

जुने वाचता येणारे यंत्र नाहीसे झाले म्हणजे काय होते, हे तर आपण डोळ्यांनी पाहिले आहे. बडोद्याच्या काय, पुण्याच्या काय, जुन्या दप्तरांत मोडी लिपीतील कागदांचे रुमालच्या रुमाल बांधलेले आहेत. कागद शाबूत आहे, शाई शाबूत आहे, भाषाही आपलीच आहे. तरी घरात पणजोबांचा एखादा मोडी कागद निघाला तर तो वाचून घेण्यासाठी जाणकार शोधत फिरावे लागते. बालबोध लिपी छापायला सोपी पडली आणि मोडी व्यवहारातून गेली. या बदलाला विरोध करावा असे आम्हांला मुळीच वाटत नाही. पण बदल करताना दोन पिढ्यांनी आपल्या मुलांना मोडीची तोंडओळख करून दिली असती, तर वारसा आणि वारस यांच्यामध्ये हा दुभाषा उभा राहिला नसता. जुनी डिस्क हाती असून ती फिरवणारे यंत्र नसणे, हीच त्या मोडी कागदाची अवस्था.

खेळांच्या बाबतीत ही अवस्था किती वेगाने आली ते पाहण्यासारखे आहे. अमेरिकेतील व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने 2023 साली एक पाहणी प्रसिद्ध केली. तीनुसार 2010 पूर्वी त्या देशात निघालेल्या खेळांपैकी 87 टक्के खेळ तेव्हा बाजारात अधिकृतपणे मिळतच नव्हते. त्याच वर्षी 27 मार्च रोजी निन्टेंडोने आपल्या दोन मागच्या यंत्रांची ऑनलाइन दुकाने नव्या खरेदीसाठी बंद केली. ग्रंथालयांना असे जुने खेळ संशोधकांस दुरूनही वापरू देता यावेत म्हणून मागितलेली सवलत अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयाने ऑक्टोबर 2024 मध्ये नाकारली. मोडीला व्यवहारातून जायला निदान काही दशके लागली होती.

इतके चिंतन करून आम्ही दानाला सिद्ध झालो, आणि तेथेच अडलो. मावशींचा मुलगा अकरा वर्षांचा आहे. यंत्र न्यायला तो आईबरोबर आला, सोफ्याच्या कडेवर बसला, कंट्रोलर हातात घेऊन उलटसुलट पाहिला आणि मग त्याने अत्यंत गंभीरपणे विचारले, "आजोबा, बिघडला तर कुठं दुरुस्त करून मिळतो?"

आम्हांपाशी उत्तर नव्हते.

कठोपनिषदाच्या आरंभीची कथा त्या क्षणी आठवली. वाजश्रवस सर्वस्वदानाचा यज्ञ करतो, पण दक्षिणेत देतो त्या गाई थकलेल्या, दूध आटलेल्या. मुलगा नचिकेत ते पाहतो, आणि बापाला प्रश्न विचारू लागतो. थकलेल्या गाईला घरात ठेवणे हे कर्तव्य होते; तीच गाय दुसऱ्याच्या दारात नेऊन बांधली की ते दान होते, आणि देणाऱ्याला पुण्यही लागते! आमच्या औदार्याचे स्वरूप याहून फारसे भिन्न नव्हते. यंत्रही केव्हातरी खरोखरच जीर्ण होते : डिस्क वाचणारी लेन्स क्षीण होते, तारा सैल पडतात, सुटे भाग मिळेनासे होतात. ते मरण आमच्या घरी होऊ नये म्हणून आम्ही ते एका गरीब घरात पाठवत होतो, आणि त्या घरातील मुलाकडून कृतज्ञतेचीही अपेक्षा करत होतो.

निन्टेंडोने 1983 सालच्या त्या फॅमिकॉमचे उत्पादन 2003 मध्ये थांबवले. पण दुरुस्तीची सेवा 2007 पर्यंत चालू ठेवली, आणि सुटे भाग मिळेनासे झाले तेव्हा ती बंद केली. या हकिकतीत आम्हांला एक नीतिसूत्र दिसते. नवे काढण्याचा हक्क आहे. पण जुने ज्यांच्या हाती दिले, त्यांच्या हातात ते चालू राहील एवढी जबाबदारी काही काळ तरी देणाऱ्यावर उरते. हे कंपनीला लागू असेल तर आम्हांलाही लागू आहे. संयुक्त राष्ट्रांच्या अहवालानुसार 2022 या एका वर्षात जगात 6 कोटी 20 लाख टन इलेक्ट्रॉनिक कचरा निर्माण झाला, आणि त्यापैकी रीतसर गोळा होऊन पुनर्वापरात गेल्याची नोंद झालेला कचरा चौथा हिस्साही नव्हता. त्या ढिगात 'चालू आहे अजून' असे म्हणता येण्याजोगे किती असेल, याचा हिशेब कोण ठेवणार?

मुलाने मग तो रविवार जुन्या यंत्राला दिला. ते उघडून धूळ झाडली, कंट्रोलरची एक सैल तार बाजारातून जोडून आणली, आणि दुरुस्ती करणाऱ्याचा पत्ता व स्वतःचा नंबर एका कागदावर लिहून खोक्यात ठेवला. आमच्या नव्या टीव्हीला लाल, पांढऱ्या, पिवळ्या पिनांची ती जुनी केबल लावायला जागाच उरलेली नाही. मावशींकडच्या टीव्हीला मात्र ती आहे. म्हणजे ते यंत्र आमच्यापेक्षा त्यांच्याच घरी अधिक सहजपणे नांदणार होते. कोणाच्या घड्याळाने जुने, या प्रश्नाचे हेही एक उत्तर.

खेळाच्या डिस्क देताना आणखी एक गोष्ट ध्यानात आली. या डिस्क आम्हांला देता आल्या. नव्या यंत्रावरचे खेळ मुलाने डिस्कवर घेतलेले नाहीत, ते त्याच्या खात्यावर उतरवलेले आहेत. पंधरा वर्षांनी तेही कोणा मुलाला द्यावेसे वाटले, तर तो खोक्यात काय घालणार? कॅलिफोर्निया राज्यात 1 जानेवारी 2025 पासून असा कायदा लागू आहे की, अशी विक्री करताना ग्राहकाला मिळतो तो केवळ परवाना, हे विक्रेत्याने स्पष्ट सांगावे. प्रामाणिकपणाच्या दृष्टीने ही सुधारणाच म्हटली पाहिजे. पण मालकीची आमची जुनी कल्पना अशी की, जे देता येते ते आपले. जे उपभोगता येते पण देता येत नाही, त्याचे आपण भाडेकरू. मग भाडे एकदाच का भरलेले असेना.

राहता राहिले मेमरी कार्ड. ते द्यावे की ठेवावे, असे विचारताच मुलगा घुटमळला. कार्ड यंत्राला लावून त्याने आम्हांला पडद्यावर दाखवले. त्यात एकच मोठी नोंद होती, ताईची. एका लांबलचक खेळाच्या शेवटच्या टप्प्याशी येऊन ती थांबलेली होती. मुलगी परगावी गेली त्या आठवड्यातली. कार्ड भरले की पुढचा खेळ साठवण्यासाठी काहीतरी पुसावे लागते. इतकी वर्षे तो प्रत्येक वेळी स्वतःच्या नोंदी पुसत आला होता.

"मला कधी बोलला नाहीस ते?" आम्ही विचारले.

"त्यात काय बोलायचं, बाबा? तिचा खेळ राहिलाय अजून."

वर आम्ही उपमा, उपनिषद आणि कायदे यांचा जो पसारा मांडला आहे, त्याचा सगळा अर्थ या मुलाला नवव्या-दहाव्या वर्षी कळलेला होता. आपल्या हाती जे साधन आले आहे त्यात आधीच्या कोणाचे तरी अपुरे काम आहे, आणि जागा कमी पडली तर आपले थोडे पुसून ते राखायचे असते. नव्या यंत्राकडून, नव्या लिपीकडून, नव्या पिढीकडून याहून अधिक काय मागावे?

ते कार्ड नव्या यंत्रात बसत नाही. यंत्र देऊन कार्ड ठेवले, तर ते आमच्याकडचा आणखी एक मोडी कागद होणार. मुलाने ताईला फोन लावला. पलीकडून थोडा वेळ काही आवाज आला नाही. मग ती म्हणाली, "कार्डही देऊन टाक रे. तुझ्याकडे ठेवून ते कोण उघडणार? फक्त त्याला सांग, माझं जमलं तर पुसू नकोस. आणि वाटलं तर पुढं खेळ म्हणावं."

आम्ही तो निरोप त्या मुलाला जसाच्या तसा सांगितला. त्याने मान डोलावली. तो पाळील की नाही हे सांगता येत नाही. आठ एमबीत जागा फार थोडी असते आणि अकराव्या वर्षी खेळायला बरेच काही असते. वारसा सोपवताना ही अनिश्चितता पत्करावीच लागते. ती ज्याला नको असेल, त्याने कुलपाची पेटी आणावी आणि आतला कागद कोणी वाचणार नाही हे गृहीत धरावे.

मुलगा सध्या जुन्या बाजारात एक दुसरे मेमरी कार्ड शोधतो आहे. मिळाले की मावशींच्या हाती पाठवू, असे ठरले आहे.